दूध-भाकरीपासून सुरुवात कर

सोलापूर,
१८ डिसेंबर

प्रिय शकू,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. दोनदा वाचलं. पाच महिने झाले, सकाळी मऊ भात, रात्री मऊ भात, मध्ये एखादं केळ, आणि शेवटी तू लिहिलंस, "जिवंत आहे, एवढंच पुष्कळ." नाही शकू, एवढंच पुष्कळ नाही. केमो संपली, इलिओस्टोमीची, म्हणजे माझ्यासारखंच लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली त्या ऑपरेशनची, जखम भरली, डॉक्टर म्हणाले आता हळूहळू सगळं खा, आणि तू अजून ताटाला घाबरून बसली आहेस. ही भीती मला माहीत आहे. मी तिच्यात सात महिने काढलेत, म्हणून आज जरा लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

तुला मी हुरड्याची गोष्ट कधी नीट सांगितली नाही. तेव्हा तुला नुसतं "ॲडमिट होते" एवढंच कळवलं होतं. माझ्या ऑपरेशनला जेमतेम नऊ आठवडे झाले होते. घरी सोडताना मला सांगितलं होतं, "हलकं खा." हलकं म्हणजे काय, किती दिवस, आणि त्यानंतर काय, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. दोन महिने मी हलकं खाल्लं, तब्येत सुधारली, पिशवी बदलणं हाताला जमलं, आणि मला वाटलं, झालं. पौषात दीर शेतावर घेऊन गेले. आगटीतली गरम कणसं, हातावर चोळलेला हुरडा, शेंगाची चटणी, दही. सगळे बोलत होते, हसत होते, मीही बोलता बोलता मूठ-मूठ खात राहिले. चांगला वाडगाभर झाला असेल.

संध्याकाळी पोटात कळ आली. येई आणि जाई. आधी पिशवीत नुसतं पाणी भसाभस आलं, घाण वास, आणि मला वाटलं जुलाब आहेत, बरं झालं, निघून जाईल. नऊ वाजल्यापासून पिशवी कोरडी. एक थेंब नाही. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, सुजून मोठा झाला होता, पोट टम्म. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, चमचाभर एरंडेल घे. शकू, हे वाक्य मनावर कोरून ठेव: इलिओस्टोमी असताना एरंडेल, जुलाबाची गोळी, चूर्ण, काही काही घ्यायचं नाही. वाट अडलेली असताना मागून जोर लावला तर काय होईल, ते तूच विचार कर. नशिबाने मी नाही घेतलं. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. सलाईन, नाकातून नळी, दोन दिवस तोंडात पाणी नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वाट मोकळी झाली आणि पिशवीत काय आलं सांगू? हुरड्याचे दाणे. जसेच्या तसे, हिरवे.

दवाखान्यातल्या सिस्टरनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, ते तुलाही सांगते; कारण कळलं की भीती निम्मी होते. धान्याची साल, फळाची साल, भाजीचा दोरा, बी, हे आपल्याला कुणालाच पचत नाही, धडधाकट माणसालासुद्धा नाही. लहान आतड्यातून ते तसंच पुढे जातं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं काही कुजवून वापरतात. माझं मोठं आतडं काढूनच टाकलंय, तुझं सध्या विश्रांती घेतंय. म्हणजे चोथा आला तसा पिशवीत येणार. यात आजार काही नाही. अडचण एकाच ठिकाणी आहे: आतडं पोटाच्या भिंतीतून, स्नायूंच्या थरातून बाहेर आणलेलं असतं, तिथे वाट अरुंद असते. पहिले सहा ते आठ आठवडे तर आतड्याला सूजही असते. न चावलेला चोथा एकदम गोळा होऊन तिथे आला की बूच बसतं. हुरडा विष नव्हता. मी तो नवव्या आठवड्यात, वाडगाभर, न चावता, बोलण्याच्या नादात खाल्ला, हे चुकलं.

पण हे कळूनही मी घाबरले ती घाबरलेच. सात महिने तांदूळ आणि बटाटा. वजन उतरलं, केस गळायला लागले, आणि घरात सगळे पंगतीला बसले की मी आत जाऊन झोपायची. तू करतेस तेच.

मला त्यातून बाहेर काढलं ते नाचणीच्या सत्त्वाने. नात सहा महिन्यांची झाली होती, तिच्यासाठी मी सत्त्व करायला घेतलं. नाचणी भिजवली, मोड आणले, वाटली, पंचातून गाळली. पंचात तपकिरी चोथा राहिला आणि पातेल्यात दुधासारखं सत्त्व. मी ते बघत उभी राहिले. आपल्या आजीने बाळासाठी आणि आजाऱ्यासाठी हेच तर केलं होतं! जे पोटाने करायचं ते पंचाने केलं. म्हणजे नाचणी सोडायची नाही, नाचणीची साल सोडायची. तिथून मी प्रत्येक पदार्थाकडे असंच बघायला लागले: यातलं अडणारं काय आहे, आणि ते मला सोलून, गाळून, वाटून, शिजवून कमी करता येईल का?

आता तुझ्या भाकरीबद्दल. ती स्वप्नात येते म्हणतेस, तर तिच्यापासूनच सुरू कर. ज्वारीचं पीठ बारीक दळून आण, मैद्याच्या चाळणीने चाळ, कोंडा काढून टाक. उकड काढून मऊ भाकरी थाप. पहिल्या दिवशी चतकोर, गरम दुधात कुस्करून, पार लगदा करून. दुपारच्या जेवणाला खा, रात्री नको. कळ आलीच तर दिवसाउजेडी यावी, दवाखाना उघडा असताना यावी. मग दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. पिशवीत काय येतं ते बघायचं, वहीत लिहायचं. काही झालं नाही तर अर्धी. एका वेळी एकच नवा पदार्थ, हा नियम मोडू नकोस, नाहीतर कशाने दुखलं ते कळत नाही. आणि पोटात दुखलं तरी तो पदार्थ जन्माचा बाद करायचा नाही. महिन्याने पुन्हा, निम्म्या मापाने. मला वांगं पहिल्यांदा सोसलं नाही, तिसऱ्यांदा सोसलं, भरीत करून, बियांचं न घेता कोवळं घेतलं तेव्हा.

मटकीच्या उसळीचं विचारलंस. आधी नुसता कट घे, गाळून, भाताबरोबर. चव सगळी कटातच असते. दाणे पुढे, शिजवून घोटून, दोन चमचे. पालक, चाकवत देठं काढून ताकातली पातळ भाजी, रवीने घोटलेली, चालते. मेथी आणि अंबाडी मी वर्षाने सुरू केली. शेवग्याची शेंग चोखायची आणि चोथा टाकायचा, ते तर आपण एरवीही करतो. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून साल काढ. संत्र्याची प्रत्येक पाकळी सोलायची, वेळ लागतो, लागू दे. डाळिंबाचा रस गाळून. पेरू बिया काढून शिजवलेला. नारळाचं दूध आमटीत घाल, कोरडं खोबरं मात्र नको. मक्याचं कणीस, लाह्या, आणि आळंबी मी आजही खात नाही. प्रयत्न करावा इतकी त्यांची ओढच मला नाही. ज्याची ओढ आहे त्यासाठी धोका पत्करावा, बाकीचं जाऊ द्यावं.

आणि चावणं. हे सगळ्यात अवघड निघालं, कारण आपण बायका पन्नास वर्षं उभ्याने, घाईने जेवलो. आता घास तोंडात पाण्यासारखा होईपर्यंत गिळायचा नाही. जेवताना बोलू नकोस. सुनेला आधी सांगून ठेव, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. दात दुखत असतील तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा, ही गोष्ट लोक विसरतात.

एकदा बिटाची कोशिंबीर शिजवून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी लालभडक. मी रडायलाच लागले. बीट खाल्लं की असं होतं, रक्त नव्हे. तू घाबरू नयेस म्हणून लिहिलं. पण न पचलेली गोळी अख्खी पिशवीत दिसली तर मात्र डॉक्टरांना सांग, औषध बदलून मिळतं.

पाण्याचं तू काहीच लिहिलं नाहीस, त्याची मला काळजी वाटते. मोठं आतडं रोज साधारण लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत शोषून घेत असतं, ते काम सध्या बंद आहे. पिशवीत दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर येणं ठीक. दीड लिटरच्या वर गेलं, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी आणि गडद झाली, तर नुसतं साधं पाणी ढोसून उपयोग नाही, उलट पिशवी आणखी वाहते, मीठही निघून जातं. ओआरएस घे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि डॉक्टरांना फोन. पातळ होतंय एवढंच असेल तर भात, साबुदाण्याची पेज, केळ, बटाटा यांनी घट्ट होतं.

वाट अडल्याची खूण आता तुला कळली: येणारी-जाणारी कळ, आधी पाणी, मग काहीच नाही, सुजलेला स्टोमा. खाणं लगेच बंद. थोडं पाणी पिशवीत येत असेल आणि उलटी नसेल तर कोमट चहाचे घोट घे, कोमट पाण्याने अंघोळ कर, पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घे, स्टोमाच्या भोवती हलक्या हाताने चोळ, पिशवीचं भोक घट्ट बसत असेल तर मोठ्या भोकाची लाव. चार-सहा तास काहीच आलं नाही, किंवा उलटी झाली, किंवा स्टोमा काळा-जांभळा दिसला, तर कुणाची झोपमोड होईल याचा विचार न करता निघ. मी पाच तास त्याच विचारात घालवले होते.

हे सगळं तुझ्या डॉक्टरांना आणि स्टोमा सिस्टरना दाखव. तुझा स्टोमा पुढे आत घालणार आहेत, माझा कायमचा, आणि तुझ्या रक्ताच्या तपासण्या त्यांच्याकडे आहेत. आत घातल्यावरही काही आठवडे वारंवार संडासला जावं लागेल, पुन्हा मऊ भातापासून पायरी-पायरीने यावं लागेल. पण तेव्हा ही वही तुझ्या हाताशी असेल.

आणि पंगतीला बस गं. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालं आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेला सुचलं, पिशवीच कातडीला चिकटणारी केली तर? आपण आज ज्या पिशव्या लावतो त्यांची सुरुवात तिथे झाली. बहिणीने चारचौघांत जावं म्हणून एका बाईने ती शोधली. ती लावून आपण आतल्या खोलीत झोपून राहायचं?

भोगीला तुझ्या सुनेला सांग, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचे ते सगळ्यांच्या लावू दे, तुझी एक बिनतिळाची, लहान. भोगीची भाजी यंदा नुसती रस्सा म्हणून घे. पुढच्या वर्षी गाजर आणि वांगं. हरभऱ्याचे सोलाणे त्याच्या पुढच्या वर्षी बघू.

धाकटा रविवारी ठाण्याला येतोय. त्याच्याबरोबर शेंगाची चटणी पाठवते. सालं पाखडून काढली आहेत, तिखट अगदी कमी, लसूण नाही, आणि उखळात दोनदा कुटली आहे, तेल सुटून लोण्यासारखी होईपर्यंत. बोटांत चोळून पाहिली, कण लागत नाही. दूध-भाकरी आठवडाभर सोसली की मगच उघड. अर्धा चमचा, दह्यात कालवून, दुपारी. त्या रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
विजू