जीपचे वय इंजिनाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाची बातमी आपल्या दैनिकाने छायाचित्रांसह दिली होती. त्यातील एका हिरव्या जीपच्या छायाचित्राखाली ‘दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जीप’ अशी ओळ होती. छायाचित्रातल्या गाडीचे बॉनेट मात्र बरेच उंच दिसते, आणि तेवढ्यावरूनच ती महायुद्धातील नाही हे ओळखता येते. उंच बॉनेटाची सीजे-3बी ही जीप विलीज या अमेरिकी कंपनीने 1953 मध्ये बाजारात आणली. बॉनेट उंच करण्यामागे दिखाऊपणाचा विचार नव्हता. नवे ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच असल्याने ते जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. पुढे महिंद्रने हीच बांधणी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालवली, त्यामुळे आपण ‘जुनी जीप’ म्हणून जे रूप डोळ्यांसमोर आणतो ते बहुधा सीजे-3बीचेच असते.

अर्थात बॉनेटावरून बॉनेटाचेच वय कळते. देवळालीसारखी लष्करी छावणी शेजारी असलेल्या आपल्या भागात लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीप पुष्कळ आल्या, त्या शेतावर राबल्या, काहींनी काळी-पिवळी होऊन प्रवासी वाहिले, आणि या साऱ्या आयुष्यात त्यांची चेसिस (खालचा सांगाडा), पत्रा आणि इंजिन ही तीन वेगवेगळ्या गाड्यांतून एकत्र आली असणे अगदी सामान्य आहे. आरसी बुकातले वर्ष यांपैकी फार तर एकाला लागू पडते. म्हणून गाडीच्या वयाबद्दल काही छापण्यापूर्वी किंवा पैसे मोजण्यापूर्वी इंजिन स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. हे काम वाटते तितके अवघडही नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर आधी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) पाहावे. महायुद्धातील जीपचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन साइड व्हॉल्व्हचे आहे. त्याचे इंधनमिश्रण आत घेणारे (इनलेट) आणि धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) असे दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, बसतात, हेड म्हणजे वर बोल्टांनी आवळलेले एक चपटे झाकण असते, त्यावर फक्त चार प्लग दिसतात आणि व्हॉल्व्हचे कव्हर ब्लॉकच्या कुशीला असते. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले, त्यामुळे हेडवर लांबट रॉकर कव्हर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवरचे झाकण) आले. त्याचे इनलेट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेले असल्याने कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. हरिकेन 1950 मध्ये आले. हेडवर रॉकर कव्हर असलेले विलीजचे चार सिलिंडरचे इंजिन म्हणूनच 1945 पूर्वीचे असू शकत नाही, मग बॉनेटावर अमेरिकी सैन्याचे कितीही पांढरे तारे रंगवलेले असोत.

दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 79.4 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 111.1 मिलिमीटर आणि क्षमता 2199 घनसेंटिमीटर आहे. ताकद मात्र पहिल्याची 60 अश्वशक्ती, तर दुसऱ्याची सत्तरीच्या पुढे. मापावरून या दोघांत फरक करता येत नाही, पण उघडलेले इंजिन विलीजचे आहे की नाही हे ठरवायला मापे उपयोगी पडतात. तेथे भरवसा स्ट्रोकवर ठेवावा. झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करतात त्या प्रत्येक रिबोअरिंगला बोअर वाढतो आणि स्लीव्ह (आतली नळी) घातली की पुन्हा कमी होतो. स्ट्रोक क्रँकशाफ्टने ठरतो आणि तो लेथवाल्याच्या हातून बदलत नाही. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर लावून बोअर मोजणारे पुष्कळ भेटतात, स्ट्रोक मोजण्याची तसदी फारच थोडे घेतात.

यानंतर इंजिनावर ठोकलेला क्रमांक. महायुद्धातील विलीजच्या इंजिनावर तो ‘एमबी’ या अक्षरांनी सुरू होतो, फोर्डने त्याच आराखड्यावर बनवलेल्या इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’ने. युद्धानंतरच्या नागरी सीजे-2एच्या क्रमांकाआधी ‘जे’ असते, लष्करी एम38च्या आधी ‘एमसी’ आणि एम38ए1च्या आधी ‘एमडी’. फोर्डने आपल्या पुष्कळशा सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. मात्र बोल्ट एका गाडीचे दुसरीला सहज लागतात, त्यामुळे चार-दोन ‘एफ’ सापडले म्हणून इंजिन फोर्डचे ठरत नाही. आणखी एक भेद खरेदीदाराने ध्यानात ठेवावा. फोर्डच्या जीपवर चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक मुळात एकच असे; विलीजच्या जीपवर हे दोन क्रमांक कारखान्यातूनच वेगळे निघत. म्हणजे विलीजचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून ‘इंजिन बदललेले आहे’ असे सांगून भाव पाडणारा दलाल आणि क्रमांक जुळतात म्हणून भाव चढवणारा दलाल, दोघेही चुकीचेच बोलत असतात.

क्रमांक नंतर ठोकता येतो, ब्लॉकच्या ओतकामातच उठलेली अक्षरे आणि आकडे बदलणे फार कठीण असते. युद्धकालीन ब्लॉकवर 638632 हा ओतीव क्रमांक आढळतो. त्याखेरीज ओतकामाच्या तारखेची खूण मिळाली तर ती गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची असायला हवी. ती गाडीच्या सांगितलेल्या वर्षानंतरची निघाली तर इंजिन नक्कीच मागाहून बसवलेले आहे. क्रमांकाची जागा आजूबाजूच्या धातूपेक्षा गुळगुळीत घासलेली असेल, अक्षरांची खोली किंवा ओळ वेडीवाकडी असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. डॅशबोर्डवरच्या पितळी किंवा जस्ताच्या पट्ट्यांना मी पुरावा मानत नाही, कारण त्यांच्या हुबेहूब नकला सर्रास विकत मिळतात.

आपल्या जिल्ह्यात खरा गुंता डिझेलचा आहे. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी जीपमध्ये डिझेल इंजिने बसवून घेतली. त्यांत महिंद्रने प्यूजोच्या परवान्याने बनवलेले एक्सडीपी 4.90 हे इंजिन नावावरूनच ओळखू येते: चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटर बोअर. स्ट्रोक 83 मिलिमीटर धरला की क्षमता 2112 घनसेंटिमीटर येते. इगतपुरीला महिंद्रचा इंजिनांचा कारखाना असल्याने या इंजिनांची नस ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे आजही भेटतात, आणि अशा प्रश्नात एखाद्या हौशी संग्राहकापेक्षा त्यांचे मत मी अधिक मोलाचे मानीन. लष्करी ‘जोंगा’ला जीप समजण्याची चूकही नेहमी होते. तिचे मूळ निसानचे, बांधणी जबलपूरची आणि इंजिन सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे, 3956 घनसेंटिमीटरचे. प्लग मोजले तरी निकाल लागतो.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. मूळ स्वरूप म्हणताना इंजिन वगळता येणार नाही. तपासणीच्या वेळी ठोकलेल्या क्रमांकाबरोबर ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक आणि इंजिनाचा प्रकार यांचीही छायाचित्रांसह नोंद घेतली जावी, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला कोणी कमी लेखण्याचे कारण नाही, ती आपल्या शेतीचा इतिहासच आहे. फक्त तिची नोंद डिझेल जीप म्हणून व्हावी.

ज्यांच्या गोठ्यात किंवा शेडमध्ये अशी जीप उभी आहे त्यांनी इंजिन उतरवून रिबोअरिंगला किंवा रंगकामाला देण्यापूर्वी क्रमांकाची जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून तिचे जवळून छायाचित्र काढावे, आणि तेथे ग्राइंडर किंवा वाळूचा मारा चालवू नये असे वर्कशॉपला लेखी कळवावे.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड