न मिळालेल्या मार्गदर्शनाचं सर्टिफिकेट पोचलं, साहेब

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

काल रात्री मेसमध्ये जेवताना मोबाइलवर एक पीडीएफ आली. सोनेरी किनार, दोन सह्या, मधोमध माझं नाव, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. मी म्हणे 'विद्यार्थिनींसाठीचा मेंटॉरशिप कार्यक्रम यशस्वीरीत्या पूर्ण' केलाय. कधी केला, हे मलाच माहीत नाही.

आधी आभार मानते. ८ जुलै २०२४ च्या जीआरमुळे घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. माझे वडील लातूरजवळच्या औशाकडे सोयाबीन घेतात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे विसरणार नाही. (हॉस्टेल, मेस त्यात येत नाही. असो.)

पण फीचा प्रश्न सुटल्यावर पुढे काय करायचं, हे सांगायला आमच्या भावकीत कुणी नाही. मेकॅनिकल इंजिनिअर बाई आमच्या गावानं पाहिलेलीच नाही. वर्गात ६२ जणांत आम्ही ७. म्हणून गेल्या आठ मार्चला कॉलेजनं मेंटॉरशिप जाहीर केली तेव्हा सगळ्यात आधी फॉर्म मी भरला. आम्हाला साड्या नेसवून पहिल्या रांगेत बसवलं, समई लागली, जिओटॅग फोटो निघाले. पाहुण्यांनी टेल्कोची (आताची टाटा मोटर्स) गोष्ट सांगितली: 'महिलांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात आणि सुधा कुलकर्णींनी (पुढच्या सुधा मूर्ती) जेआरडी टाटांना पाठवलेलं पोस्टकार्ड. ते १९७४ च्या सुमाराचं. पन्नास वर्षांत दुसरी गोष्ट सापडली नाही वाटतं.

माझ्या वाट्याला आलेल्या मेंटॉर मॅडम सॉफ्टवेअरमधल्या. वाईट नव्हत्या. एकदाच बोलणं झालं, अकरा मिनिटं. लिंक्डइन अपडेट ठेव म्हणाल्या.

डिसेंबरात चाकणच्या एका कारखान्यात इंटर्नशिपला गेले. सेफ्टी शूज सगळ्यात लहान आठ नंबरचे; दोन-दोन मोजे घालून चालायची, तरी टाच सोलवटली. लेडीज टॉयलेट फक्त ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये. शॉपमधून, म्हणजे यंत्रं चालतात त्या शेडमधून, जाऊन यायला बारा मिनिटं, आणि परत आलं की सुपरवायझर माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. मी पाणी पिणंच सोडलं. तिसऱ्या आठवड्यात युरिन इन्फेक्शन, अंगात १०३ ताप, रूमवर एकटी. आईला कळवलं असतं तर तिनं शिक्षणच बंद केलं असतं. रात्री मेंटॉर मॅडमना मेसेज टाकला, "हे असंच असतं का? सांगायचं कुणाला?" दोन निळ्या टिका आल्या. त्या अजून तशाच आहेत.

मग नोकरीसाठी कॅम्पस मुलाखती. आलेल्या कंपनीनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांच्या) शॉपसाठी फक्त मुलं घेतली. "नाइट शिफ्ट असते ना, मॅडम." १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात मनाई होती, तेव्हा ही सबब निदान खरी तरी होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, बाईच्या संमतीनं रात्रपाळी चालते. माझी संमती विचारली कुणी? मला डॉक्युमेंटेशन, म्हणजे कागदपत्रांचं काम, देऊ केलं. आमचे प्लेसमेंटचे सर म्हणाले, "घेऊन टाक, मुलींना बरं असतं ते."

कॉलेजात अशी १४० सर्टिफिकेटं वाटली. राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं तीनशेच्या वर. करा गुणाकार, ४२,००० होतात. हिशोब ढोबळ आहे, सगळीकडे असंच चालत नसेलही. बरोबर आकडा तुमच्या खात्यानं छापावा. पण कुठली मुलगी शॉपवर टिकली आणि कुठली घरी बसली, हे मोजायचंय कुणाला? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकला मेंटॉर आणि मेंटीचं (मार्गदर्शन घेणाऱ्यांचं) प्रमाण दाखवायचं असतं, ते फाइलीत लागलं की झालं. आमच्याकडे सगळंच फाइलीत होतं, साहेब. झाडं फोटोपुरती जगतात, रस्ता बिलात पूर्ण होतो, वडिलांच्या सोयाबीनचा पंचनामा चावडीवर बसूनच उरकतो. मग मुलींचं मार्गदर्शनच तेवढं खरं कशाला व्हावं!

मागणं थोडकं आहे. मेंटॉर म्हणून शॉपवर उभी राहिलेली बाई द्या, जवळच्या एमआयडीसीतली डिप्लोमावाली चालेल. तिला तिच्या वेळेचे पैसे द्या. फुकटातलं मार्गदर्शन अकरा मिनिटांचंच असतं. आणि सर्टिफिकेट छापायच्या आधी मुलीची सही घ्या.

कॉलेजनं शुक्रवारपर्यंत दोन ओळींचा अभिप्राय आणि एक हसरा फोटो मागितलाय. अभिप्राय हाच समजावा. फोटो मिळणार नाही.

आपली,
मेकॅनिकल, अंतिम वर्ष
(नाव घालत नाही. प्रोजेक्टचे मार्क अजून त्यांच्याच हातात आहेत.)