कॅमेऱ्याचा आकडा वाढवला म्हणजे नकाशा दिसतोच असं नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वॉरक्राफ्ट थ्री’ हा २००२ सालचा संगणकावरचा युद्धाचा खेळ जुन्या यंत्रावरही चालतो. म्हणून आपल्याकडच्या खेड्यांत त्याच्या वर्ल्ड एडिटरवर (नकाशे बनवायच्या सोबतच्या साधनावर) स्वतःचे नकाशे बनवणारे पोट्टे आजही भेटतात. कोणी मेळघाटाचं सागवान मांडतो, कोणी गावचं शिवार धुऱ्या-पांदणीसकट. मेहनत मोठी असते. पण खेळायला बसलं की ‘काही दिसतच नाही’ म्हणून नकाशा बाजूला पडतो. दोष बहुतेक वेळा नकाशात नसतो, कॅमेऱ्याच्या मांडणीत असतो, आणि तो तासाभरात निघतो.

कॅमेऱ्याचं मूळ अंतर १६५० असतं. कोन ३०४, फील्ड ऑफ व्ह्यू (नजरेची रुंदी) ७० आणि फार झेड ५०००. फार झेड म्हणजे कॅमेरा किती लांबपर्यंतचं चित्र काढेल ती हद्द. नवखा माणूस फक्त अंतर वाढवतो. अंतर खूप वाढलं, त्यातही कोन चपटा केलेला असला, की पडद्याचा वरचा भाग ५००० च्या पलीकडे जातो आणि तिथली जमीन कापल्यासारखी नाहीशी होते. म्हणून अंतर वाढवलं की त्याच ट्रिगरमध्ये (‘अमुक झालं की तमुक कर’ अशा सूचनेत) फार झेड १०००० करावा. नकाशाच्या पर्यायांत टेरेन फॉग (लांबच्या जमिनीवरचं धुकं) चालू असेल तर त्याचेही आकडे पाहावेत. धुकं ३००० ला सुरू होऊन ५००० ला दाट होत असेल तर फार झेड कितीही वाढवा, समोर नुसता रंगच दिसेल. हे तिन्ही आकडे सोबतच हलवायचे असतात.

कोनाचं गणित असं: २७० म्हणजे सरळ वरून खाली, आणि आकडा ३६० कडे सरकला की नजर आडवी होते. दाट झाडीच्या नकाशात आम्ही ३०४ च्या खालीच राहायला सांगू, २९० च्या आसपास. नजर आडवी झाली की सागाच्या शेंड्यांआड माणसं दडतात.

दुसरी तक्रार नेहमीची. सुरुवातीला झूम बरोबर असतो, मग माऊसचं चाक फिरलं किंवा मधला सिनेमॅटिक प्रसंग संपला की कॅमेरा परत १६५० वर येतो. यावर काही जण दर ०.०१ सेकंदाला अंतर लादणारा ट्रिगर लावतात. त्याने जुनं यंत्र उगाच राबतं आणि खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. त्यापेक्षा एक रिअल व्हेरिएबल अ‍ॅरे, म्हणजे आकडे साठवायच्या खणांची रांग, करावा, प्रत्येक खेळाडूला एक खण, सुरुवातीची किंमत १६५०. खेळाडूने चॅटमध्ये ‘-झूम २२००’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाकली की आकडा त्याच्या खणात जावा. डॅशसकट पाच अक्षरं आणि एक मोकळी जागा सोडली की आकडा सातव्या अक्षरापासून सुरू होतो, म्हणून सबस्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) ७ ते १० घ्यायची. दर सेकंदाला एक ट्रिगर तो आकडा ०.५० सेकंदाच्या अवधीने लावेल.

इथे मर्यादा घालायला विसरू नये. आकड्याच्या जागी अक्षरं आली तर रूपांतरात शून्य मिळतो आणि कॅमेरा थेट जमिनीला टेकतो. १२०० पेक्षा कमी आलं तर १२००, २८०० पेक्षा जास्त आलं तर २८००, एवढ्या दोन अटी पुरतात. वरची मर्यादा जुन्या यंत्रांसाठीही हवी. कॅमेरा जितका लांब, तितकी झाडं आणि युनिट (खेळातली माणसं-प्राणी) एकाच वेळी पडद्यावर येतात आणि खेळ अडखळतो.

जुना नकाशा दुरुस्त करत असाल तर लूप, म्हणजे प्रत्येक खेळाडूसाठी तीच सूचना पुन्हा चालवणारी फेरी, तपासा. खेळाच्या २०१८ च्या १.२९ आवृत्तीपासून जास्तीत जास्त खेळाडू १२ चे २४ झाले. लूप १ ते १२ च असला तर तेराव्याला झूम मिळतच नाही.

आता न दिसण्याचा दुसरा अर्थ. कॅमेरा लांब गेला तरी युनिटची नजर तेवढीच राहते. फूटमन (साधा पायदळ शिपाई) दिवसा १४०० पर्यंत पाहतो, रात्री ८०० पर्यंत. म्हणजे रात्रीच्या जंगलात कॅमेरा लांब नेऊन मिळतो तो फक्त राखाडी पट्टा. जमिनीवरच्या युनिटची नजर झाडांनी अडते, आणि खालच्या पातळीवरून वरच्या कड्यावरचं दिसत नाही. उपाय नकाशावर अवलंबून आहे. सर्वांना सगळं दिसायला हवं असेल तर फॉग ऑफ वॉर (नजरेबाहेरच्या भागावरची राखाडी छाया) आणि ब्लॅक मास्क (न पाहिलेल्या भागावरचा काळा पडदा) दोन्ही बंद करावेत, एकच बंद करून भागत नाही. नजर हवी पण थोडी जास्त हवी असेल तर ऑब्जेक्ट एडिटरमध्ये (युनिटचे गुण बदलायच्या खिडकीत) युनिटची रात्रीची नजर वाढवावी (१८०० च्या वर खेळ जाऊ देत नाही), किंवा वेळ दुपारी १२ वर ठेवून दिवस-रात्रीचं चक्र थांबवावं. ठरावीक भागच उघडायचा असेल तर व्हिजिबिलिटी मॉडिफायर (तो भाग खेळाडूला दिसता ठेवणारी सोय) एकदाच करून व्हेरिएबलमध्ये ठेवावा. सारख्या फिरणाऱ्या ट्रिगरमध्ये तो टाकला की दर फेरीला नवा तयार होतो आणि खेळ हळूहळू जड होत जातो.

जास किंवा लुआ या भाषांत नकाशाचा कोड लिहिणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. कॅमेऱ्याचे आकडे एकाच खेळाडूच्या यंत्रावर, म्हणजे लोकल प्लेअरच्या अटीत, बदलले तर चालतं. मॉडिफायर किंवा युनिट त्या अटीत तयार करू नये. यंत्रांचा ताळमेळ तुटतो आणि खेळाडू खेळाबाहेर फेकला जातो.

हा दोष एकट्याने चाचणी घेताना दिसत नाही. म्हणून गावोगावच्या संगणक वर्ग चालकांना विनंती, की मुलांना लॅनवर दोन यंत्रं थोडा वेळ मोकळी द्यावीत. दुसऱ्या यंत्रावरच्या खेळाडूनेही झूमची आज्ञा टाकून, सिनेमॅटिक संपेपर्यंत थांबून पाहावं, आणि मगच फाईल पेनड्राइव्हवर द्यावी.

आपले,
नकाशे बनवणारे काही वाचक,
जि. यवतमाळ