आधी विचारलं, डब्यात काय होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीत महिलांच्या आत्मरक्षणावर अर्धं पान आलंय, ते वाचलं. कालच लिहिणार होते, पण रात्री अडीचला पाणी आलं आणि कालचा दिवस झोपेतच गेला. म्हणून आज.

फोटो छान आहे. पांढरा ड्रेस, कमरेला पट्टा, मुलीचा पाय थेट कानाच्या उंचीला. मी चोपन्न वर्षांची आहे, साडी नेसते, आणि माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. त्यामुळे फोटो सोडून दिला आणि खालच्या सूचना वाचल्या. त्यातली एक अशी : 'समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून ठामपणे नाही म्हणा.' आमच्या गल्लीतल्या खांबावरचा दिवा किती दिवसांपासून बंद आहे ते मी मोजायचं सोडून दिलंय. डोळे आधी दिसायला तर हवेत.

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. मी गणवेश शिवायच्या कारखान्यात मशिनवर असते. ऑर्डरी संपवायच्या होत्या म्हणून उशीर झाला. कन्ना चौकात शेअर रिक्षातून उतरले तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. तिथून आत सात-आठ मिनिटं चालायचं. हातात पिशवी, पिशवीत तीन खणांचा स्टीलचा डबा. मोटारसायकलवरून एक जण दोनदा अगदी अंगाला घासून गेला, गाडीचा दिवा बंद ठेवून. तिसऱ्यांदा त्यानं गाडी आडवी घातली, उतरला आणि माझा दंड धरला. काय बोलला ते तुम्ही छापणार नाही. मी पिशवी फिरवली. ठामपणे नाही म्हणायचं तेवढं राहून गेलं.

डबा कपाळावर बसला. रक्त आलं. तो गाडी घेऊन गेला आणि मी घरी येऊन दार लावून बसले. पोरगा पुण्याला, मिस्टर नाहीत. रात्रभर हात थरथरत होता. भीतीनं का रागानं, अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मशिनवर असताना फोन आला. चौकीला या, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. तो मागच्याच गल्लीतला निघाला. कपाळाला तीन टाके, सोबत दोन मोठे भाऊ. म्हणे, मी पत्ता विचारत होतो, या बाईनं डोकं फोडलं. मागच्या गल्लीत जन्म काढलेला माणूस मला पत्ता विचारत होता!

चौकीत सगळे नीट बोलले, खोटं कशाला सांगू, चहासुद्धा दिला. पण पहिला प्रश्न काय? 'मावशी, डब्यात काय होतं?' मला वाटलं चेष्टा करताहेत. तसं नव्हतं. डबा भरलेला की रिकामा, आत दगड-बिगड होता का, हे हवं होतं. मी सांगितलं, भाकरी संपली होती, शेंगाची चटणी उरली होती. ते लिहून घेतलं. मग, 'एवढ्या जोरात मारायची काय गरज होती ओ? तुम्ही नुसतं ओरडला असता तरी चाललं असतं की.' पावणेनऊला दिवा बंद करून कुणाचा पत्ता शोधत होतास, हे त्याला कुणीच विचारलं नाही. शेवटी त्याची तक्रार अदखलपात्र म्हणून (कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत ती) नोंदवली, माझा नुसता अर्ज घेतला, आणि 'एकाच भागातले आहात, मिटवून टाका' म्हणून दोघांनाही घरी पाठवलं.

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी वकिलीचं शिकते. तिनं नंतर सगळं समजावलं. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३४ ते ४४ ही कलमं याचसाठी आहेत, खासगी बचावाचा हक्क. जुन्या दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती, म्हणजे १८६० सालापासून हे कागदावर आहे. मार खाईपर्यंत थांबायची गरज नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो आणि भीती आहे तोवर राहतो. तो पळायला लागल्यावर मी मागून आणखी एक ठेवून दिली असती, तर मात्र मीच अडकले असते. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही हे खरं, पण तो हिशेब तराजूत घालून करायचा नसतो. जिवावर बेतलेल्या माणसानं प्रत्येक फटका मोजून मारावा ही अपेक्षाच चुकीची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये पंजाबच्या दर्शनसिंग खटल्यात म्हटलंय. आणि बाईच्या अंगाला असा हात लावणं हा दखलपात्र गुन्हा, कलम ७४. हे मला चौकीत माहीत असतं तर चहा अर्धा ठेवून बोलले असते.

तुमच्या अर्ध्या पानात यातली एक ओळ नाही. लाथ कशी मारायची ते आहे, मारल्यावर काय म्हणायचं ते नाही. कलमं छापली असती तर मी कापून पिशवीत ठेवली असती. तसं बायकांना जे शिकवायचं, त्यातलं बरंच त्यांना आधीपासूनच येतं. बॅटरी संपलेला मोबाइल कानाला लावून 'हां, चौकात आले, तुम्ही पुढं या' असं मीही रोजच म्हणते. पुढून येणारं कुणी नसतं.

आणखी एक. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री. याबद्दल सगळे बोंबलतात, मीही बोंबलते. पण पाण्याच्या रात्री आमची गल्ली जागी असते. दारोदारी बायका, घागरी, मोटारींचा आवाज, पोरंटोरं. त्या रात्री दीड वाजता मी एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, काही वाटत नाही. ती जुलैची रात्र पाण्याची नव्हती. तुमच्या पेपरात त्या दिवशी आमच्या भागाला पाणी आहे असं छापलं होतं, तेही चुकीचंच. उजनी धरण भरल्याची बातमी पहिल्या पानावर मोठी येते, वेळापत्रक मात्र आतल्या पानात बारीक अक्षरात आणि वर चुकीचं. ते तरी विचारून छापत जा.

डब्याला तेव्हा पोचा आला. वरचं झाकण बसत नाही, रबर लावून नेते. डाळ असली की पिशवी भिजते.

खांबाच्या दिव्याचा अर्ज महापालिकेत तीनदा दिलाय. तुमचा बातमीदार एकदा रात्री पावणेनऊला पाठवून द्या. कन्ना चौकात उतरून आत चालत यायला सांगा.

आपली वाचक,
पूर्व भाग, सोलापूर
(कृपया नाव छापू नये. तो मागच्या गल्लीतच राहतो.)