इनकमिंग फुकट होते, त्याचे काय झाले?

महोदय,

पाटण तालुक्यात माझे रिचार्जचे छोटे दुकान आहे. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसे पिशवीतून बटणांचा फोन काढून काउंटरवर ठेवतात. परवा एक आजी म्हणाल्या, "बघ की रं, पोराचा फोनच येईना झालाय. बिघडला का काय?" फोन ठणठणीत होता, पॅक संपून पंधरा दिवस झाले होते. मुलगा मुंबईत माथाडी कामगार. लावून लावून कंटाळला आणि शेवटी त्याने शेजाऱ्यांकडे निरोप दिला.

या आजींना कुणाला फोन लावायचाच नसतो. तो आला पाहिजे, एवढेच.

2003 साली इनकमिंग फुकट झाले, तेव्हा खरा मोबाइल गावात आला. त्याआधी आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. मग दहा रुपयांचे टॉप-अप मारून लोक महिनोन्‌महिने फोन चालू ठेवत. आमचे कमिशन कवडीचे, पण गिऱ्हाईक खूश. 2018च्या अखेरीस 35 रुपयांच्या किमान रिचार्जची टूम निघाली: तो मारला नाही तर इनकमिंगही बंद. आता खासगी कंपन्यांत 28 दिवसांचा साधा पॅक दोनशेच्या घरात गेला आहे. म्हणजे इनकमिंगचे पैसे पुन्हा सुरू झाले, फक्त तसे कुणी म्हणत नाही. आणि हा 28 दिवसांचा महिना कुठल्या पंचांगातला? वर्षाला 13 रिचार्ज होतात. 2022 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 30 दिवसांचा एक तरी पॅक ठेवायला लावला. कंपन्यांनी ठेवला. 28 दिवसांचे पॅक जागचे हलले नाहीत.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने आणखी एक चांगला नियम केला: ज्यांना डेटा नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक हवा, त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत चालेल. मी दुकानात हौसेने कागद चिकटवला. जानेवारीत पॅक आले ते 84 दिवसांचे आणि वर्षाचे. एक साडेचारशेच्या आसपास, दुसरा सतराशे-अठराशेच्या पुढे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळणाऱ्या बाईने एका दमात साडेचारशे काढायचे कुठून? कागद चार दिवसांत मीच काढून टाकला.

गोम अशी, की पॅक ठेवा हे ट्राय सांगते, पण केवढ्याला ठेवा हे सांगत नाही. मोबाइलचे दर ठरवण्याची मुभा कंपन्यांना आहे. भरपूर कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या तोवर ते चालून गेले, गिऱ्हाइकाचा फायदाच झाला. आता मोठ्या खासगी कंपन्या उरल्या तीन. 2024च्या जुलैत तिघींनीही दर वाढवले, तेही एकाच आठवड्यात. सरकारी कंपनीचे पॅक स्वस्त आहेत, पण आमच्या वरच्या वाड्यांवर तिची रेंज धरायला माणसाला टेकाडावर चढावे लागते.

पैसा नाही असेही नाही. खेड्यापाड्यांत फोन पोचावा म्हणून 2002 पासून कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के आकार घेतला जातो. 2023च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी केले. या निधीतून टॉवर उभे राहतात, केबल पडते. पडू देत, हवेच आहे. पण टॉवर दारात असून आजींचा फोन मुका, हे कुठल्या हिशेबात बसते? निधीच्या नव्या नियमांत दुर्बल घटकांचा उल्लेख आहेच. मग निराधार आणि वृद्धांच्या योजनांतल्या लाभार्थ्यांचे इनकमिंग या निधीतून चालू ठेवावे. बाकीच्यांसाठी ट्रायने महिन्याचा, फक्त इनकमिंगचा पॅक सक्तीचा करावा आणि त्याची कमाल किंमतही ठरवून द्यावी. पन्नास रुपये म्हणा. त्यात माझे कमिशन बुडेल, हे मला कळते.

त्या आजींनी त्या दिवशी रिचार्ज केला नाही. पुढच्या बाजारी पैसे आणते म्हणाल्या.

— एक रिचार्जवाला, पाटण (जि. सातारा)