खापरावरची अंडी

सावदा,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

माझ्या समुद्री माशांच्या टाकीसाठी रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याचे चार कॅन एसटीने पाठवू का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी मळ्यात होतो. पंपाच्या आवाजात नुसतं "नको नको" ओरडलो आणि फोन कटला. तुला वाटलं असेल, एवढ्या प्रेमाने विचारलं तर हा खेकसतो काय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जेटीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणा उतरतो. शिवाय त्यातले बारीक जीव कॅनमध्ये कोंडले की सावद्याला पोचेपर्यंत मरतात आणि पाणी नासतं. माझा समुद्र मी घरीच कालवतो. बोअरचं पाणी आधी आरओतून आणि मग उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून काढायचं. आपल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 800 च्या वर, मला लागतो शून्य. मग लिटरमागे 35 ग्रॅमचा खारेपणा येईपर्यंत मीठ. 400 लिटरच्या टाकीला पहिल्या खेपेस 14-15 किलो लागलं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या हिशोबात असतं, आणि किंमतही त्याच हिशोबात.

आप्पा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "लोकायच्या बोअरले खारं पानी लागलं त ते कपायाले हात लावता, अन् आमचा पोऱ्या इकत मीठ आनून पान्यात कालवतो." सगळं आयुष्य केळीला ठिबकने गोडं पाणी मोजून पाजण्यात गेलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? पुढे मी टाकीतलं बदललेलं 40 लिटर पाणी बेफिकिरीने परसातल्या लिंबाच्या आळ्यात ओतलं. आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आप्पा काही बोलले नाहीत, एक करपलेलं पान आणून टाकीच्या काचेवर चिकटवून गेले.

टाकी कुठे ठेवलीय ते तू ओळखशील. जुन्या धाब्याच्या घरातली मधली खोली, जिथे आपण उन्हाळ्यात पत्ते कुटायचो. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, बाहेर 45 असलं तरी आत निववतं. माशांना 26-27 अंश लागतात. चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, भाव ऐकून मी पाण्यावर दोन छोटे पंखे बसवले. इथे आपल्या खान्देशच्या कोरड्या हवेला मी पहिल्यांदा दुवा दिला. पाणी भराभर उडतं आणि उडताना टाकी गार करतं. तुझ्या रत्नागिरीच्या दमट हवेत ही युक्ती निम्मीही चालणार नाही. फक्त त्याच खोलीत कूलर लावायचा नाही, हवा ओली झाली की पंखे नुसते फिरतात. हे कळायला मला एक अख्खा एप्रिल लागला. मे महिन्यात रोज सात-आठ लिटर पाणी उडून जायचं. ते भरून काढायचं गोड्या पाण्याने, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. सुरुवातीला मी शहाण्यासारखं खारं पाणीच भरत होतो.

पहिले पाच आठवडे टाकीत मासा नव्हताच. लोक येऊन रिकामं पाणी बघून जायचे. पण तू शेतकऱ्याचा पोर, तुला पटेल. युरिया टाकला की जमिनीतले जिवाणू त्याच्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. टाकीतही तेच, माशाच्या घाणीचा अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर वसेपर्यंत थांबायचं. दगड म्हणजे माझे सिमेंटचे, हातचे. दगडी प्रवाळ ठेवायचं नाही, ते 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मालवणला गेलास आणि किनाऱ्यावर सुंदर तुकडा सापडला, तर माझी आठवण काढून तिथेच ठेव.

आता क्लाउनफिश. मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात एक जोडी आणली होती, नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे. त्यांच्यात जन्मतः मादी कुणीच नसते. घोळक्यात जो सगळ्यात मोठा तो मादी होतो, त्याच्या खालचा नर, बाकीचे वाट बघत लहानच राहतात. मादी मेली की नराची मादी होते. पुस्तकात वाचलं होतं, बघायची वेळ यायला नको होती.

गेल्या वर्षीचं जूनचं वादळ तुला मी फोनवर सांगितलंय. केळी आडव्या झाल्या, घडांसकट. वीज गेली ती तीस तास. आप्पा मळ्यात पडलेली खोडं मोजत होते आणि मी इथे बॅटरीचा हवेचा पंप धरून बसलो होतो. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. मध्यरात्री बॅटरी संपली. हिने आणि मी तांब्याने पाणी उचलून वरून ओतायला सुरुवात केली, तेवढीच हवा मिसळते. आप्पा आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी हात धुतले, हिच्या हातातला तांब्या घेतला आणि ओतत राहिले. उजाडताना मादी मेली. नर वाचला.

ऑगस्टमध्ये एक लहान पिल्लू आणून त्याच्याजवळ सोडलं. आधी त्याने त्याला कोपऱ्यात कोंडलं, पिल्लू अंग थरथरवून शरणागती दाखवायचं. हळूहळू जुना फुगला, दांडगा झाला, काच पुसायला हात घातला की चावायला लागला. फेब्रुवारीत अंडी घातली, तीही त्या जुन्यानेच. आप्पांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते दुकानदाराने मला पहिल्यापासून फसवलं.

ती पहिली अंडी मागच्या काचेवर होती, हलवता येईनात. आठव्या रात्री फुटली आणि सकाळी सगळी पिल्लं फिल्टरमध्ये. मग आखाजीला आईने मांड्यांसाठी आणलेलं नवं खापर चुलीवर चढायच्या आधीच फुटलं. त्याचा मोठा तुकडा मी टाकीत टेकवून ठेवला. आई म्हणाली, माशांनाही पुरणाचे मांडे घालशील आता. दोन आठवड्यांत त्यावर अंडी! शेंदरी, शे-दोनशे, ओळीने चिकटवलेली. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. सहाव्या दिवसापासून प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे दिसतात. रात्री या खोलीत शिरायला मला भीती वाटायची, इतके डोळे.

खापर संध्याकाळी पाण्याबाहेर न काढता पातेल्यातून वेगळ्या टाकीत न्यायचं, काळोख करायचा. दिवा मालवल्यावर तासा-दोन तासात पिल्लं सुटतात. पण त्यांचं तोंड एवढंसं, की पहिले काही दिवस त्यांना जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक जीवच लागतात. म्हणजे माशांआधी रोटिफर पाळा, रोटिफरांआधी त्यांना खायला हिरवं शेवाळ पाळा. गच्चीवर हिरव्या पाण्याच्या बाटल्या बुडबुडत असतात. शेजारचे काका केळीवरचं नवीन औषध समजून एक बाटली मागून गेले. दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी माझे रोटिफर एका रात्रीत संपले आणि त्यांच्यामागे पिल्लंही गेली. त्यानंतर मी तीन वेगवेगळ्या बादल्यांत रोटिफर ठेवतो, एक आईच्या देवघराखाली आहे, तिला सांगू नकोस.

तिसऱ्या खेपेची जगली. दहाव्या दिवसाच्या आसपास डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटला, त्या आठवड्यात बरीच मेलीही. पुढे आर्टेमियावर, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर, तगली ती 41. आता नखाएवढी आहेत. आप्पा रोज सकाळी मोजतात, कधी 40 भरली तर मला उठवतात. परवा विचारत होते, "मंग याच्यात पोरी किती?" म्हटलं, एकही नाही. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग लगनाचा खर्च नाही."

दिवाळीत ये. पाणी आणू नकोस, शिंपले नकोत, वाळू नको. सुके बोंबील मात्र आण. पूर्वीसारखे मळ्यातल्या खोलीत भाजून खाऊ, घरात चालत नाहीच. फक्त आप्पांना सोबत घ्यायचं की नाही ते तू आल्यावर ठरवू. मागच्या महिन्यात मी विचारलं, तर म्हणाले, तुम्ही खा, मले आता नको.

तुझा,
पक्या