मामाच्या पाठीतली नस

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर कुकरच्या शिट्ट्यांत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. काचेने कापलेली तुमच्या मनगटाची नस शिवली आणि हळूहळू बोटांत जाण आली, मग मामाच्या पाठीत दुखावलेल्या मज्जारज्जूत (मेंदूपासून मणक्यांतून खाली जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीत) तसं का होऊ नये? हातापायांच्या नसा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. तिथल्या श्वॉन पेशी तुटलेल्या तंतूंचा कचरा भराभर उचलतात आणि नव्या तंतूंना वाट दाखवतात. मज्जारज्जूत तो कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो. शिवाय तंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनातली ‘नोगो’सारखी प्रथिनं वाढ रोखतात, जखमेच्या व्रणातली द्रव्यंही. (व्रण अगदीच वाईट नाही हं, तो इजा पसरू देत नाही.)

मला आवडतो तो माँट्रियलचे शास्त्रज्ञ अल्बर्ट अग्वायो यांचा १९८१ चा प्रयोग. मोठे झाल्यावर मज्जारज्जूतले तंतू पुन्हा वाढत नाहीत, हे स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. अग्वायोंनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूपर्यंत पुलासारखा जोडला, तर तेच तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले! पलीकडे पुन्हा मज्जारज्जू लागला, आणि थोडं आत शिरून थांबले.

पण सगळा दोष जागेचाच नाही. वय वाढतं तसा पेशीचा स्वतःचा जोरही ओसरतो. २००८ मध्ये उंदरांच्या डोळ्यातल्या पेशींमधून ‘पीटेन’ हे जनुक काढल्यावर दृष्टीच्या नसेतले काही तंतू वाढले. मात्र हेच जनुक कॅन्सरला आवर घालतं, माणसात ते असं काढून कसं चालेल?

म्हणून मामीने पाठवलेलं स्टेम सेल इंजेक्शनचं पत्रक वाचून मी वैतागले. मणक्याच्या दुखापतीवर हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो फक्त संशोधनासाठीच्या रीतसर चाचणीतच देता येतो. इथे तर थेट लाखांचा आकडा छापलाय.

आई, मामीला तुझंच ऐकायची सवय आहे. कोथरूडचा फ्लॅट गहाण टाकू नका म्हणावं. तेच पैसे फिजिओला, चांगल्या व्हीलचेअरला आणि बाथरूमचं दार रुंद करायला लागणार आहेत. मामाचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. शाबूत तंतू नवे फाटे फोडू शकतात, आणि त्याला रोजच्या व्यायामाची मदत होते.

रविवारी मी मामीशी बोलते. तोवर त्या दवाखान्याला ॲडव्हान्स देऊ देऊ नका.

तुमची,
मनू